महिलांच्या मालकीचे उद्योग : दाखला आणि खरी मालकी

अलिबागच्या मासळीबाजारात पाटी मांडून बसलेल्या कोळी भगिनीस "हा धंदा कोणाचा ?" असे कोणी विचारले, तर त्या प्रश्नाचेच तिला नवल वाटेल. बंदरावर आलेली मासळी लिलावात बोलून घेणे, तिचा भाव ठरविणे, गिऱ्हाइकाशी घासाघीस करणे, उधारी ध्यानात ठेवणे, उरलेले बोंबील किंवा जवळा वाळवून पावसाळ्यासाठी राखून ठेवणे ही कामे या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियाच करीत आल्या आहेत. किनाऱ्यापासून थोडे आत गेले म्हणजे पांढऱ्या कांद्याच्या माळा गुंफणारे हात दिसतात, तेही बहुतांशी स्त्रियांचेच असतात. वरसोली, आक्षी, नागाव, किहीम या गावांतून पर्यटकांसाठी चालणाऱ्या घरगुती खानावळी व निवासाच्या खोल्या यांचा भारही बऱ्याच घरांत त्याच वाहतात.

परंतु शासनाच्या किंवा बँकेच्या दृष्टीने हा धंदा त्यांचा असतोच असे नाही. होडीचा परवाना पतीच्या नावे, घरपट्टीची पावती सासऱ्यांच्या नावे, विजेचे देयक दिराच्या नावे आणि बँकेतील खाते संयुक्त असले तरी धनादेशावर सही पुरुषाची, अशी स्थिती असली म्हणजे ती स्त्री धंद्याची मालक न ठरता धंद्यात हातभार लावणारी घरची व्यक्ती ठरते. महिलांच्या उद्योगांसाठी केंद्र व राज्य शासनांनी आजवर ज्या सवलती दिल्या, त्या सर्वांच्या उंबरठ्यावर पहिला प्रश्न हाच विचारला जातो, की मालक कोण आणि त्यास पुरावा काय. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांनी या प्रश्नाचा नीट अभ्यास केला पाहिजे. कारण गावातील स्त्री कागद हातात घेऊन प्रथम त्यांच्याकडेच येते आणि तेथे मिळालेल्या सल्ल्यावर पुढचे सारे अवलंबून असते.

"महिला उद्योग" कोणास म्हणावे ?

आपल्याकडे "हा उद्योग महिलेच्या मालकीचा आहे" असे सर्व कामांसाठी एकदाच सांगणारा एकच दाखला नाही, ही गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रत्येक योजनेची व्याख्या निराळी आहे, आणि या निराळेपणामुळेच पुष्कळ अर्ज परत येतात.

केंद्र शासनाच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाच्या खरेदीच्या धोरणात एकल मालकीचा उद्योग असल्यास मालक स्त्री असावी लागते. भागीदारी असल्यास स्त्री भागीदारांचा एकत्रित हिस्सा निदान ५१ टक्के आणि खाजगी मर्यादित कंपनी असल्यास स्त्री प्रवर्तकांचे भाग निदान ५१ टक्के असावे लागतात. २०१६ साली सुरू झालेल्या "स्टँड अप इंडिया" या कर्जयोजनेतही वैयक्तिक मालकी नसलेल्या उद्योगांसाठी ५१ टक्क्यांचीच कसोटी ठेवण्यात आली होती. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये महिला उद्योजकांसाठी जे विशेष धोरण जाहीर केले, त्यातील कसोटी मात्र याहून कडक होती. त्यात भागभांडवल संपूर्णपणे, म्हणजे १०० टक्के, महिलांचे असणे आणि कामगारांपैकी निदान ५० टक्के महिला असणे या दोन्ही गोष्टी अपेक्षित होत्या. पर्यटन विभागाने २०२३ मध्ये आणलेल्या "आई" या महिला पर्यटन धोरणात तिसराच विचार आढळतो. तेथे व्यवसाय महिलेच्या मालकीचा असून भागत नाही. तो महिलेनेच चालविलेला असावा लागतो.

एका साध्या उदाहरणाने हा फरक ध्यानात येईल. सोडे, सुके बोंबील आणि मासळीची लोणची तयार करण्याचा उद्योग पती-पत्नींनी समान भागीत सुरू केला, तर दोघांचा हिस्सा ५० टक्के होतो. असा उद्योग केंद्राच्या व्याख्येत बसत नाही. एका टक्क्यासाठी तो बाहेर राहतो. तोच उद्योग सासूचा हिस्सा २६, सुनेचा २५ आणि मुलाचा ४९ टक्के अशा भागीदारीत मांडला, तर दोन स्त्रियांचा हिस्सा मिळून ५१ टक्के होतो व केंद्राची अट पूर्ण होते. राज्याच्या २०१७ च्या धोरणाची अट मात्र मुलाचा हिस्सा असेपर्यंत पूर्ण झाली नसती. भागीदारीचा लेख लिहून घेण्यापूर्वीच कोणत्या योजनेकडे जावयाचे आहे याचा विचार करणे त्यामुळे अगत्याचे ठरते. लेख एकदा झाल्यानंतर तो बदलणे खर्चाचे असते, आणि घरातील माणसांना पुन्हा सह्यांसाठी एकत्र बसविणे त्याहून कठीण असते.

५१ टक्क्यांची ही कल्पना इतर देशांतही रूढ आहे. अमेरिकेत १९८८ साली महिलांच्या व्यवसाय-मालकीसंबंधी कायदा झाला, त्यापूर्वी तेथील काही राज्यांत स्त्रीला धंद्यासाठी कर्ज घेताना पुरुष नातेवाइकाची सही आणावी लागे. पुढे १९९४ मध्ये तेथील संघराज्य शासनाने आपल्या कंत्राटांपैकी ५ टक्के महिलांच्या उद्योगांना देण्याचे उद्दिष्ट ठरविले. तेथे ५१ टक्के मालकीबरोबरच दैनंदिन कारभार व दूरवरचे निर्णय या दोहोंवर स्त्रीचाच ताबा आहे हे सिद्ध करावे लागते. "आमचा उद्योग महिलेचा आहे" असे स्वतःच लिहून देण्याची मुभा या कंत्राटांच्या बाबतीत तेथे २०२० मध्ये बंद करण्यात आली आणि तपासणीनंतरच दाखला देण्याची पद्धत आली. आपल्याकडील मुख्य नोंदणी आजही स्वयंघोषणेवर चालते. गरीब व अल्पशिक्षित उद्योजिकेच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. मात्र विश्वासावर चाललेल्या व्यवस्थेत जबाबदारी लिहून देणाऱ्यावर येते, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

उद्यम नोंदणी

अलिबाग येथे जिल्हा उद्योग केंद्र आहे. जिल्हा उद्योग केंद्रांची योजना १९७८ मध्ये सुरू झाली. त्या काळी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासून आले. लघुउद्योगाची नोंदणी तेव्हा या केंद्रातून होत असे, आणि त्यासाठी अर्जदारास कागदपत्रांची चळत घेऊन खेपा घालाव्या लागत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानंतर ही पद्धत बदलत गेली. २०१५ मध्ये उद्योग आधार आणि १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी, असे टप्पे त्यात आले. जुन्या उद्योग आधारावर अजूनही विसंबून असलेल्या भगिनी भेटतात. त्यांना उद्यम नोंदणी करून घेण्यास सांगावे.

उद्यम नोंदणी केंद्र शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर होते आणि ती पूर्णपणे विनामूल्य आहे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की शासकीय भासणारी नावे धारण करून या नोंदणीसाठी पैसे घेणारी खाजगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. नोंदणीसाठी आधार क्रमांक व पॅन लागतो. वस्तू व सेवा कराचा क्रमांक कायद्याने ज्यांना बंधनकारक आहे त्यांनाच द्यावा लागतो. कोणताही कागद जोडावा लागत नाही. जागेचा पत्ता द्यावा लागतो, परंतु जागा अर्जदाराच्या मालकीची आहे असा पुरावा मागितला जात नाही. "घर माझ्या नावावर नाही, मग माझी नोंदणी कशी होणार ?" ही शंका अनेक भगिनींना मागे खेचते. ती निराधार आहे. सासऱ्यांच्या घराच्या पडवीत चालणारा पापडाचा उद्योग सुनेच्या नावे नोंदविता येतो.

आधार कोणाचा द्यावयाचा, याकडे मात्र काटेकोर लक्ष असावे. एकल मालकीत तो मालकाचा, भागीदारीत व्यवस्थापकीय भागीदाराचा आणि हिंदू अविभक्त कुटुंबाच्या बाबतीत कर्त्याचा द्यावा लागतो. स्वयंसहायता गट, सहकारी संस्था अथवा कंपनी असल्यास अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा आधार आणि संस्थेचा स्वतंत्र पॅन लागतो. अर्जात उद्योजक स्त्री आहे की पुरुष, आणि तिचा सामाजिक प्रवर्ग कोणता, हे विचारले जाते. भागीदारीत स्त्रियांचा हिस्सा ५१ टक्के असूनही मुलालाच व्यवस्थापकीय भागीदार केले, तर नोंदणीत उद्योजक म्हणून मुलगाच दिसेल. सायबर कॅफेत बसलेला तरुण घाईघाईने रकाने भरतो आणि धंद्याचा प्रकार विचारता "कुटुंबाचा" असे उत्तर मिळाल्यावर अविभक्त कुटुंबाचा रकाना निवडतो. त्या एका निवडीने मालकी कर्त्याकडे गेलेली असते.

आणखी एक अडचण क्षुल्लक वाटते, पण तिच्यावरच गाडे पुष्कळदा अडते. नोंदणीच्या वेळी आधारशी जोडलेल्या मोबाइल क्रमांकावर ओटीपी येतो. तो क्रमांक बहुधा पतीचा किंवा मुलाचा असतो. मुलगा नोकरीनिमित्त पनवेलला किंवा मुंबईला असला, तर आईचा अर्ज त्याच्या फोनवर अडून राहतो. नोंदणी झाल्यानंतरचे सर्व संदेशही त्याच क्रमांकावर जातात. म्हणून स्त्रीचा स्वतःचा मोबाइल क्रमांक तिच्या आधारशी जोडून घेणे ही या कामाची खरी पहिली पायरी मानली पाहिजे. शाळांतून पालकसभा भरतात, ग्रामसभा भरतात. अशा वेळी हे काम सहज सुचविता येते.

ज्यांच्याकडे पॅन नाही किंवा ज्यांचा व्यवसाय करनोंदणीच्या कक्षेत येत नाही अशा अगदी लहान उद्योगांसाठी जानेवारी २०२३ मध्ये "उद्यम असिस्ट" ही निराळी सोय सुरू करण्यात आली. बँक किंवा तत्सम संस्थेच्या मदतीने तेथे नोंद होते आणि प्राधान्यक्षेत्रातील कर्जासाठी ती उद्यम नोंदणीप्रमाणेच ग्राह्य धरली जाते.

ओली मासळी आणि सुकी मासळी

अलिबागसारख्या ठिकाणी एका फरकाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीचे दार जुलै २०२१ मध्ये उघडण्यात आले, परंतु त्यांना मिळणारा लाभ प्राधान्यक्षेत्रातील कर्जापुरता मर्यादित ठेवण्यात आला. शासकीय खरेदीतील राखीव हिस्सा किंवा थकलेल्या रकमेवरील व्याजाचे संरक्षण व्यापाऱ्यांना या नोंदणीने मिळत नाही. यामुळे ओली मासळी विकत घेऊन जशीच्या तशी विकणारी स्त्री व्यापारी ठरते. तीच मासळी खारवून, वाळवून, निवडून, पाकिटात भरून विकणारी स्त्री उत्पादक ठरते. औद्योगिक वर्गीकरणात मासळी उन्हात वाळविण्याच्या उद्योगास स्वतंत्र स्थान आहे. बहुतेक कोळी भगिनी दोन्ही कामे करतात. अर्ज भरताना मात्र "मासळीविक्री" एवढेच लिहिले जाते आणि वर्षानुवर्षे बांबूंच्या दांड्यांवर बोंबील टांगून केलेले उत्पादन कागदावर उमटतच नाही. हा दोष कायद्याचा नव्हे, अर्ज भरणाऱ्याच्या अज्ञानाचा आहे. खाद्यपदार्थ म्हटला की अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणीही आवश्यक होते, आणि तीही त्याच नावे असावी. एक कागद पत्नीच्या व दुसरा पतीच्या नावे असेल, तर बँकेतील अधिकाऱ्यास शंका येणे स्वाभाविक आहे.

पांढऱ्या कांद्याच्या बाबतीतही असाच बारकावा आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाचा लाभ घेण्यासाठी उत्पादकास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. भातकापणीनंतर हा कांदा ज्या शेतात होतो त्या शेताचा सातबारा बहुधा पुरुषाच्या नावे असतो, म्हणून वापरकर्ताही तोच, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः १९९९ च्या भौगोलिक निर्देशांकासंबंधीच्या अधिनियमात शेतमालाच्या उत्पादकाची जी व्याख्या आहे, तीत मालावर प्रक्रिया करणारी किंवा तो बांधणारी व्यक्तीही अंतर्भूत आहे. कांद्याच्या माळा गुंफणाऱ्या स्त्रियांचे गट या व्याख्येच्या आधारे पुढे येऊ शकतील. कृषी सहायकांनी व महिला गटांच्या समन्वयकांनी या तरतुदीकडे लक्ष देण्याजोगे आहे.

खरेदीदार दारातच

दाखला हाती आला, पण विकावयाचे कोणाला, असा प्रश्न उद्योजिका विचारते. शासकीय खरेदी हे त्याचे एक उत्तर आहे. केंद्राच्या २०१२ च्या आदेशान्वये केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठराविक भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो. तो आरंभी २० टक्के होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो २५ टक्के करण्यात आला आणि त्याच वेळी महिलांच्या उद्योगांसाठी ३ टक्क्यांची स्वतंत्र तरतूद प्रथमच करण्यात आली. अनुसूचित जाती व जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के पूर्वीपासून आहेत. एखाद्या उपक्रमाची वर्षाची खरेदी १०० कोटी रुपयांची असेल, तर त्यातील २५ कोटींची खरेदी लहान उद्योगांकडून व तीमधील ३ कोटींची महिलांच्या उद्योगांकडून व्हावी, असा याचा अर्थ आहे.

अलिबाग तालुक्याचे भाग्य असे, की असे मोठे खरेदीदार येथे दारातच आहेत. थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना १९८० नंतरच्या दशकात उभा राहिला. उसर येथे गेल कंपनीचा प्रकल्प आहे. दोन्ही केंद्र शासनाचे उपक्रम असल्याने त्यांना हे धोरण लागू आहे. अशा कारखान्यांना यंत्रसामग्रीच तेवढी लागते असे नाही. कामगारांचे कपडे, कापडी पिशव्या, उपाहारगृहातील पदार्थ, साफसफाईची सेवा यांसारख्या गरजा कोणत्याही मोठ्या आस्थापनेस असतात आणि त्या पुरविण्याची पात्रता महिलांच्या लहान उद्योगांत येऊ शकते. निविदेत सूक्ष्म व लघु उद्योगांना अनामत रक्कम भरण्यापासून सूट असते. शिवाय सर्वांत कमी दर दुसऱ्याचा असला आणि या उद्योगाचा दर त्याहून १५ टक्क्यांपर्यंत अधिक असला, तर कमी दराइतका दर स्वीकारून मागणीचा काही भाग पुरविण्याची संधी त्यास देण्यात येते. म्हणजे दुसऱ्याचा दर १०० रुपये व आपला ११४ रुपये असल्यास १०० रुपयांस माल देण्याची तयारी दाखवून मागणीचा वाटा मिळविता येतो. तो दर परवडतो की नाही हे ज्याचे त्याने पाहावयाचे. केंद्राच्या "जेम" या खरेदीमंचावर २०१९ पासून महिला उद्योजिका व स्वयंसहायता गट यांच्यासाठी "वुमनिया" हा स्वतंत्र विभाग आहे.

मोठ्या मागणीचे धोकेही असतात. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्यातील शाळांसाठी "एक राज्य, एक गणवेश" योजनेखाली गणवेश शिवण्याचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत महिला गटांना देण्यात आले. अनेक शाळांत गणवेश उशिरा पोहोचले, आणि पुढील वर्षापासून ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आली. शिक्षकवर्गास हा अनुभव ताजा आहे. त्यावरून "महिलांना काम जमत नाही" असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. कापड कापून वेळेवर हाती येणे, मापे बरोबर असणे आणि मागणी गटाच्या शक्तीइतकी असणे यांवर शिलाई अवलंबून असते. शाळा व्यवस्थापन समितीने आपल्याच गावातील नोंदणीकृत गटास शंभर-दीडशे गणवेशांचे काम दिले, तर मुलांची मापे डोळ्यांसमोर असतात आणि चूक झाल्यास दुरुस्तीही गावातच होते.

नाव तिचे, कारभार दुसऱ्याचा

आतापर्यंत ज्या अडचणी पाहिल्या त्या धंदा स्त्रीचा असून कागद दुसऱ्याचा, या प्रकारच्या होत्या. याच्या नेमकी उलट परिस्थितीही असते आणि ती अधिक गंभीर आहे. महिलांना अधिक अनुदान आहे असे कळताच पुरुषाचा धंदा पत्नीच्या नावे मांडला जातो. मोह होण्याजोगे आकडे आहेतही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील सर्वसाधारण अर्जदारास प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के अनुदान मिळते, तर महिलांसह विशेष गटास ३५ टक्के. स्वतःचे भांडवलही १० ऐवजी ५ टक्केच घालावे लागते. दहा लाखांच्या प्रकल्पात हा फरक अनुदानापुरता एक लाख रुपयांचा होतो. २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यास प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस ६० टक्के अर्थसाहाय्य ठेवण्यात आले.

महाराष्ट्रात पंचायतींमध्ये महिलांना २०११ पासून ५० टक्के आरक्षण आहे, आणि सरपंच पत्नी पण कारभार पतीचा, हे दृश्य कोणत्याही पंचायत सदस्यास नवे नाही. उद्योगातील नामधारी मालकीत मात्र एक निराळा धोका आहे. नामधारी सरपंचाची मुदत पाच वर्षांनी संपते. कर्ज तसे संपत नाही. एकल मालकीच्या उद्योगात मालक आणि धंदा यांत कायदा भेद करीत नाही. धंद्याचे देणे ते मालकाचे वैयक्तिक देणे. पतीने पत्नीच्या नावे शीतपेटीची गाडी घेतली, हप्ते थकले, तर नोटीस पत्नीच्या नावे निघते. वसुली तिच्या मालमत्तेतून होऊ शकते आणि बँकेच्या दप्तरी पत खालावते ती तिची. पुढे कधी तिने खरोखरच स्वतःचा उद्योग उभारावयाचे मनात आणले, तर तिच्यासाठी कर्जाचे दार आधीच बंद झालेले असते. उद्यम नोंदणीत हेतुपुरस्सर खोटी माहिती देणाऱ्यास अधिनियमाखाली दंडाची तरतूद आहे, आणि ती माहिती दिल्याची घोषणाही तिच्याच नावे झालेली असते. गाडी कोणत्या रंगाची घ्यावी हेही जिला कोणी विचारले नाही, तिच्या माथी हे सारे येते.

यास्तव अर्जाची शिफारस करणाऱ्याने मालकी खरी आहे की नाही हे पाहिले पाहिजे. परंतु ते पाहण्याची रीत सौजन्याची हवी. अर्ज इंग्रजीत वाचता येत नाही किंवा सही नीट करता येत नाही, यावरून स्त्रीला नामधारी ठरविणे ही मोठीच चूक होईल. सहीऐवजी अंगठा उठविणारी कोळीण हिशेबात क्वचितच चुकते. कच्चा माल कोठून व कोणत्या भावाने येतो, गेल्या हंगामात माल का उरला, उधारी कोणाकडे किती आहे, खात्यातील पैसे कोण काढते, एवढे चार-पाच प्रश्न धंद्याविषयी मनमोकळेपणाने विचारले तरी खऱ्या मालकाची ओळख पटते. हे प्रश्न पतीच्या उपस्थितीत विचारल्यास उत्तरे पतीच देतो, असा सर्वत्र अनुभव आहे. बँकेचे खाते स्त्रीच्या एकटीच्या नावे व तिच्याच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असावे, एवढी एक गोष्ट पाळली तरी नामधारी मालकीचे पुष्कळ प्रकार आपोआप गळून पडतील.

गावदप्तरातील नावे

उद्यम नोंदणीस जागेची मालकी लागत नाही हे खरे. पण मोठे कर्ज, तारण, पर्यटनाचा व्यवसाय किंवा बांधकाम यांचा प्रश्न आला म्हणजे घराच्या व जमिनीच्या दप्तरात स्त्रीचे नाव असणे निर्णायक ठरते. या दिशेने महाराष्ट्रात बरीच पावले पडली आहेत. शेतजमिनीच्या उताऱ्यावर पतीच्या संमतीने पत्नीचे नाव लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ ची आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांप्रमाणे हक्क देणारी दुरुस्ती राज्याने १९९४ मध्ये केली. संपूर्ण देशासाठी ती २००५ मध्ये झाली. गावठाणातील घरांची नोंद पती-पत्नी यांच्या संयुक्त नावे करण्याविषयी ग्रामविकास विभागाचा निर्णय २००३ चा आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये अशी नोंद होऊ शकते, त्यास न्यायालयात जावे लागत नाही. इतकी वर्षे होऊनही किती घरांची नोंद अशी झाली, हे प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्याच नोंदवहीची पाने उलटून पाहावे. ग्रामसेवकाकडून ही माहिती एका बैठकीत मिळू शकते.

घरगुती पर्यटनात याची निकड सर्वांत अधिक भासते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईचा प्रवासी अलिबागेस अधिक सहज येऊ लागला. "आई" धोरणात पर्यटन संचालनालयाकडे नोंद असलेल्या महिलांच्या व्यवसायांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा १२ टक्क्यांच्या मर्यादेत परतावा देण्याची योजना आहे. हा परतावा कर्ज फिटेपर्यंत, सात वर्षे होईपर्यंत किंवा एकूण व्याज साडेचार लाख रुपये होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर मिळतो. उपाहारगृह किंवा हॉटेल असल्यास निम्मे कर्मचारी महिला असाव्यात अशी अट आहे. नागाव-आक्षीच्या वाड्यांतून खोल्या झाडणे, न्याहारी करणे, आलेल्यांची विचारपूस करणे ही कामे जी करते तिलाच ही योजना उद्देशून आहे. मात्र कर्ज देणारी बँक घराचा उतारा मागते, आणि उताऱ्यावर तिचे नाव नसले तर कर्ज पतीच्या नावे होते. मग व्याजाच्या परताव्याचा प्रश्नच उरत नाही. घर सामाईक असल्यास सहहिस्सेदारांचे संमतिपत्र किंवा रीतसर भाडेकरार हा तात्पुरता मार्ग आहे, संयुक्त नोंद हा कायमचा.

अल्पसंख्य समाजातील उद्योजकांविषयी

अल्पसंख्य समाजातील उद्योजकांनाही असाच दाखला मिळतो का, अशी विचारणा कार्यालयांतून होत असते. अमेरिकेत अल्पसंख्य समाजाच्या मालकीच्या उद्योगांची स्वतंत्र प्रमाणपत्रे आहेत. आपल्या केंद्रीय खरेदी धोरणात मात्र असा निराळा हिस्सा नाही. १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियमान्वये मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध व पारशी, आणि २०१४ पासून जैन, हे समाज अधिसूचित आहेत. त्यांच्यासाठी कर्जाची सोय राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ आणि राज्यातील मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ यांच्यामार्फत आहे. या किनाऱ्याशी निकटचा संबंध असलेल्या आणि एके काळी तेलाच्या घाण्यांमुळे "शनिवार तेली" म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्रायली समाजास, म्हणजे ज्यू धर्मीयांस, राज्य शासनाने २०१६ मध्ये अल्पसंख्य दर्जा दिला. तोवर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलात स्थायिक झालेली होती. अल्पसंख्य समाजातील स्त्री असल्यास तिने महिला म्हणून असलेल्या सवलतींचा विचार प्रथम करावा. तिच्यासाठी दोन्ही मार्ग खुले आहेत आणि पहिला अधिक रुंद आहे.

देयक थकल्यास

नोंदणीचा जो लाभ सर्वांत कमी माहीत आहे तो शेवटी सांगावयाचा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक अथवा सेवा पुरविणाऱ्या उद्योगाकडून माल वा सेवा स्वीकारल्यानंतर ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे देणे खरेदीदारावर २००६ च्या अधिनियमाने बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. खरेदीदार खाजगी असो, शासकीय कार्यालय असो की सार्वजनिक उपक्रम असो, तरतूद सर्वांस सारखीच लागू आहे. शाळा, पंचायत समित्या व नगरपरिषदा यांनी महिला गटांची देयके अनुदान येईपर्यंत पडून ठेवण्याची जी सवय लावून घेतली आहे, तिचा विचार या तरतुदीच्या प्रकाशात करावा. तक्रार सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे करता येते. मालाच्या पुरवठ्यापूर्वीच नोंदणी झालेली असणे यासाठी सुरक्षित ठरते. वाद उपस्थित झाल्यावर धावाधाव करून घेतलेली नोंदणी उपयोगी पडेलच असे नाही. परिषदेने निवाडा दिल्यानंतर खरेदीदारास तो न्यायालयात रद्द करून घ्यावयाचा असेल, तर निवाड्यातील रकमेच्या ७५ टक्के रक्कम त्याने आधी न्यायालयात भरावी लागते.